दुसऱ्याची पाटी

सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही, शपथेवर सांगितलं तर मुळीच नाही. पण त्या शनिवारी दुपारी साडेतीनला थोरली आणि ताई एकाच सोफ्यावर बसल्या होत्या. शेजारी शेजारी. मधे उशीसुद्धा नव्हती. सव्वीस वर्षं या भावजय-नणंदांनी एकाच खोलीत दोन वेगवेगळ्या खिडक्यांतून बाहेर बघण्याचा जो विक्रम केला होता, तो असा एका दुपारी मोडला. मोडणारी व्यक्ती नऊ वर्षांची होती आणि पाच मजले खाली, वर्कशॉपमधल्या उंच स्टुलावर पाय हलवत बसलेली होती. निदान वर सगळ्यांना तसं वाटत होतं.

समोरच्या खुर्चीत अण्णा होते, थोरलीचे सासरे आणि ताईचे वडील. वय एकाहत्तर, गुडघे त्याहून म्हातारे आणि जीभ पंचविशीतली. पन्नास वर्षं त्यांनी लोकांच्या लिफ्टा वरखाली केल्या आणि तेवढीच वर्षं थापा मारल्या. दोन्ही कामं सारख्याच निष्ठेनं.

"दहा मिनिटांत येतो म्हणून सांगून आलोय तिला," ते घड्याळाकडे बघत म्हणाले. "तुमचं काय ते लवकर बोला."

"लवकर बोलण्यासारखं नाही ते," थोरली म्हणाली. "चारला संस्थेच्या बाई येतायत. सहा महिने झाले. पुढे चालू ठेवायचं की नाही ते आज ठरणार. त्यांच्यासमोर घरातून एकच सूर निघायला हवा."

"कुठला?"

"बंद करायचं."

थोरलीनं हे शक्य तितक्या मऊ आवाजात सांगितलं. मऊ आवाज हे तिचं हत्यार होतं, आणि पोटापाण्याचं साधनही. धंद्याचा फोन तिच्याकडे असायचा. शहरात कुणी लिफ्टमध्ये अडकलं की पहिला आवाज तिचा: घाबरू नका. लिफ्ट खाली पडत नसते. दाराला हात लावू नका. माणूस निघालाय. हे तिनं इतक्या हजार वेळा म्हटलं होतं की झोपेत हलवून विचारलं तरी याच क्रमानं म्हणाली असती. गंमत अशी की स्वतः ती लिफ्टमध्ये पाय ठेवताना अजून दाराची चौकट धरायची. घाबरायचं कसं हे ज्याला नीट माहीत असतं, त्यालाच घाबरू नका म्हणता येतं.

सहा महिन्यांपूर्वी अण्णांनी कुणाला न विचारता त्या संस्थेत नाव घातलं होतं. ज्या मुलांना भरवशाचं मोठं माणूस नाही त्यांना दर शनिवारी तीन तास एक 'सोबती' द्यायचा, असं ते काम. पगार नाही, भत्ता नाही. उलट चौकशा दहा. घरात हसण्यावारी गेलं. म्हाताऱ्याला थापा ऐकायला नवं गिऱ्हाईक हवंय, थोरलीचा नवरा, थोरला, म्हणाला होता.

गिऱ्हाईक मात्र वेगळंच निघालं. मुलीला आई नव्हती, वडील असून नसल्यासारखे. चार वर्षांत तीन घरं झाली. प्रत्येक घरातलं माणूस तिला 'संध्याकाळी येतो हं' सांगून सोडून गेलं, आणि ती संध्याकाळ काही उजाडली नाही. आता ती आईच्या एका चुलत बहिणीकडे होती, जी धोबीखान्यात दोन पाळ्या करायची. पोर कशावरही विश्वास ठेवत नसे. बसची पाटी वाचून झाल्यावर ड्रायव्हरला विचारायची, खरंच तिथे जाते का. शाळेत तिनं बाईंच्या टेबलाचा खण उघडून हजेरी तपासली होती. अण्णांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव इन्स्पेक्टर ठेवलं.

आणि काय केलं, तर दर शनिवारी तिला एक लोणकढी थाप ऐकवायची आणि पुढच्या शनिवारी तिनं ती पुराव्यानिशी पकडायची. पकडली की पेन्सिल बक्षीस. तिच्याकडे एकवीस पेन्सिली जमल्या होत्या.

"सगळं जग त्या पोरीशी लपूनछपून खोटं बोललं," अण्णा म्हणायचे. "मी उघड्यावर बोलतो. एवढाच फरक."

आता ताईनं घसा साफ केला. ती शाळेत गणित शिकवायची आणि घरातही मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलायची. "अण्णा, प्रश्न तुमच्या मायेचा नाही. खाली ग्राइंडर आहे, ग्रीस आहे, उघड्या वायरी आहेत. दुसऱ्याचं लेकरू आहे ते."

"ग्राइंडरची पिन मी शनिवारी खिशात घेऊन फिरतो." अण्णांनी खिशातून खरंच पिन काढून टेबलावर ठेवली. "हवी तर तू ने घरी."

"विषय बदलू नका."

"तू का बोलतेस गं मधे? तू कालपर्यंत माझ्या बाजूनं होतीस."

"कालपर्यंत वहिनीनं मला विचारलं नव्हतं," ताई म्हणाली. थोरलीला ते आतून कुठेतरी बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

थोरला खिडकीशी उभा होता. लग्नाआधीपासून तो असा खिडकीशीच उभा राहत आला होता. "मला विचाराल तर," तो म्हणाला, "दोघांचंही बरोबर आहे."

"तुमचं 'दोघांचंही बरोबर' ऐकून ऐकून माझे कान किटलेत," थोरली म्हणाली. "आपल्या लिफ्टच्या खड्ड्यातला, लिफ्ट अडवायचा लाल स्विच सहा महिने मेलाय. तो दुरुस्त करा म्हटलं तरी तुमचं दोघांचंही बरोबर. जगाच्या लिफ्टा नीट आणि आपल्या दिव्याखाली अंधार."

"सोमवारी करतो."

"कुठल्या?"

अण्णा हसले. थोरली हसली नाही. तिला जे म्हणायचं होतं ते ग्राइंडरबद्दल नव्हतंच. या खोलीत धाकट्याचं नाव कुणी काढत नसे, आणि आज ते काढावं लागणार की काय, अशी भीती तिला मघापासून वाटत होती.

एकोणीस वर्षांपूर्वी तिचा हा धाकटा दीर एका सहा मजली इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता. वर मेन स्विच पाडून, त्यावर 'काम चालू'ची पाटी लावून, सगळं रीतसर. कुणाला तरी कपाट वर न्यायची घाई होती. तिथल्या रखवालदारानं पाटी काढली आणि स्विच चढवला. झालं ते इतकंच. त्या दिवसापासून या घरात एकच कायदा उरला: पाटी ज्याची, काढणार तो. मालक येवो, मंत्री येवो, लिफ्टमध्ये नवरदेव अडको. कुलूप चोरासाठी असतं, पाटी शहाण्यासाठी, अण्णा म्हणायचे. पत्र्याच्या त्या लाल पाट्या थोरलीच रंगवायची. पुढे 'काम चालू'. मागे तीन ओळी: कोण, किती वाजता, कुठे.

"अण्णा," ती शेवटी म्हणाली, "या धंद्यानं या घरातलं एक माणूस खाल्लंय. तुम्ही परक्याचं मूल त्याच धंद्यात आणून बसवता. उद्या काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? फोनवर काय सांगू तिच्या मावशीला? घाबरू नका?"

जिन्यावरून कुणीतरी हलक्या पावलांनी वर चाललं होतं. दारापाशी पावलं थांबली, मग पुन्हा वर गेली. चौथ्या मजल्यावरची मुलं गच्चीवर निघाली असतील, थोरलीच्या मनात येऊन गेलं.

"तिला परत पाठवू या," ती म्हणाली. "गोड बोलून. आजच."

"गोड बोलूनच पाठवतात तिला सगळे," अण्णा म्हणाले.

पावलं थोड्या वेळानं खाली गेली. जाताना जरा भरभर.

मग ताईनं जबाबदारीवर बोलायला सुरुवात केली, थोरल्यानं दोन्ही बाजू मांडल्या, अण्णांनी मधेच कधीतरी एका आमदाराला कसं लिफ्टमध्ये बसवून सत्य बोलायला लावलं ते सांगायला घेतलं, आणि दहा मिनिटांची पंचवीस झाली. चारला पाच कमी असताना थोरलीचा फोन वाजला.

"मी खाली आलेय," संस्थेच्या बाईंचा आवाज. त्यांचा एक गुडघा प्लॅस्टरमधून नुकताच सुटला होता. "तुमची लिफ्ट बंद दिसतेय. लिफ्टवाल्यांच्याच घरची."

"घाबरू नका," थोरली सवयीनं म्हणाली आणि जीभ चावली. "म्हणजे, एक मिनिट थांबा. बघते."

"मी जातो," थोरला म्हणाला.

"राहू द्या. तुम्ही अण्णांपाशी बसा." तिला त्या बाईंशी आधी एकटीनं बोलायचं होतं.

गच्चीकडे बावीस पायऱ्या. लिफ्टच्या मशीनच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत तेलाचा वास, मधे काळं मशीन, भिंतीवर मेन स्विच. त्याचा दांडा खाली पाडलेला आणि दांड्याला गुलाबी रिबिनीनं पुठ्ठ्याचा एक तुकडा बांधलेला. स्केचपेननं वर 'काम चालू' आणि कोपऱ्यात कासवाचं चित्र.

थोरली क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिच्या मनात जे आलं ते वाईट नव्हतं, चांगलंही नव्हतं. ते साधं होतं: सापडलीस. हा घ्या पुरावा. पोर एकटी गच्चीवर येते, विजेच्या स्विचला हात लावते, आख्ख्या इमारतीची लिफ्ट खेळ म्हणून बंद करते. बाईंच्या हातात हा पुठ्ठा ठेवला की पुढे एक शब्द बोलायला नको.

एकोणीस वर्षांत तिनं कुणाच्या पाटीला बोट लावलं नव्हतं. पण ही पाटी नव्हती, हा खेळ होता. असं तिला वाटलं. खरं तर असं तिनं वाटून घेतलं.

तिनं गाठ सोडली, पुठ्ठा रिबिनीसकट हातात घेतला आणि दांडा वर चढवला.

खाली बाईंचं बोट बटणावरच असावं. मशीन गुरगुरलं, चाक फिरायला लागलं, दोर खाली सुटले. पाचव्या मजल्यावरून लिफ्ट निघाली. तळाला टेकायला बावन्न सेकंद. अण्णा लोकांना तीस सांगायचे.

थोरली पायऱ्या उतरायला लागली. सात-आठ पायऱ्या उतरून झाल्यावर, बाईंसमोर धरण्याआधी एकदा नीट बघावं म्हणून, तिनं पुठ्ठा उलटा केला.

मागे तीन ओळी होत्या. अक्षर वळणदार, दोनदा गिरवलेलं.

कोण: मी.
किती वाजता: ३.४०.
कुठे: खड्ड्यात.

छातीत धस्स होतं म्हणतात, तसं काही झालं नाही. आधी कान बंद झाले. जिना, मशीन, आपला श्वास, सगळं गेलं. मग पाय वळले. तिनं वळवले नाहीत. दोन-दोन पायऱ्या चढताना पुठ्ठा चुरगळू नये म्हणून, कोण जाणे का, तिनं तो स्वेटरच्या खिशात घातला. उंबऱ्याला अंगठा लागला. ती स्विचवर पडली म्हणायला हवं, इतक्या जोरानं तिनं दांडा खाली ओढला.

चाक थांबलं.

किती सेकंद गेले असतील? पन्नास? बावन्न? दोरांवर मजल्यांच्या खुणा रंगवलेल्या असतात. सव्वीस वर्षं या घरात काढून तिला त्यातली एकच खूण कळायची: जाड पांढरा पट्टा म्हणजे तळमजला. तो पट्टा मशीनखालच्या लोखंडाच्या अगदी जवळ आला होता. हातभर अंतर असेल. किंवा वीतभर. डोळ्यांपुढे पाणी आल्यावर हात आणि वीत यांत फरक कळत नाही.

आणि तळाला टेकलेल्या लिफ्टखाली खड्ड्यात जागा उरते जेमतेम दीड वीत. हे तिला माहीत होतं. ते घरात सगळ्यांना एकोणीस वर्षं माहीत होतं.

दोर जिथून खाली जातात त्या भोकाशी ती गुडघ्यांवर बसली आणि ओरडली. तिचाच आवाज खाली जाऊन, पाच मजले आपटत, दुसऱ्याच बाईचा होऊन परत आला. दुसरं काही आलं नाही.

त्या आवाजानं मात्र थोरला वर धावत आला होता. त्यानं बायकोकडे पाहिलं, स्विचकडे पाहिलं.

"पोर खड्ड्यात आहे," थोरली म्हणाली. "मी स्विच चढवला."

मघापर्यंत दोन्ही बाजूंनी बोलणारा तो माणूस वाकला, भिंतीवरचं हातचाक काढून मशीनला लावलं आणि ब्रेकच्या दांड्यावर हात ठेवला. "खाली जा," तो म्हणाला. "फोन चालू ठेव. मला इथून दिसत नाही. तू सांगशील तसं हलवतो. अण्णांनी सांगितल्याशिवाय एक बोटभरही नाही."

पाच मजले ती कशी उतरली ते तिला पुढे कधी सांगता आलं नाही. दुसऱ्या मजल्यावर तिनं अण्णांना गाठलं. ते कठडा धरून, बाजूला वळून, एकेक पाय टाकत, पण थांबत नव्हते. ताई त्यांच्या पुढे होती आणि दर दोन पायऱ्यांनी हात मागे करत होती. कुणी कुणाला काही विचारलं नाही. थोरलीचं तोंड बघून दोघांना सगळं कळलं होतं.

"कासव," अण्णा धापा टाकत म्हणाले. "मागच्या शनिवारी सांगितलं मी तिला. आपल्या खड्ड्यात साठ वर्षांचं कासव राहतं. पुरावा आण म्हणालो." पुढच्या वळणावर ते पुन्हा म्हणाले, "पुरावा आण म्हणालो मीच."

तळमजल्यावर संस्थेच्या बाई लिफ्टच्या दारापासून दोन पावलं मागे, भिंतीला टेकून उभ्या होत्या. दाराच्या काचेतून लिफ्टचं दार दिसत होतं, पण हातभर वर अडकलेलं. आणि त्याच्या खाली काळोखाची पट्टी.

"ती येऊन अशी मधेच थांबली," त्या म्हणाल्या. "आणि खालून काहीतरी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

थोरलीनं दाराला तोंड लावलं. तिला हाक मारायची होती, पण हाक कोणत्या नावानं मारायची तेच सुचेना. सहा महिन्यांत तिनं त्या पोरीला नावानं हाक मारली नव्हती. अण्णांनी तिला बाजूला सारलं. "ओरडू नकोस. खाली आवाज फुटतो, काही कळत नाही. ती ओरडण्याला उत्तर देणार नाही. मी शिकवलंय तसं."

त्यांनी खिशातून लिफ्टच्या दाराची तिकोनी चावी काढली. ती दोनदा चौकटीवर उगीचच वाजली. मग त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि लोखंडी चौकटीवर ठोकलं. तीनदा. सावकाश.

काही नाही.

ताईचे ओठ हलत होते. ती आकडे मोजत होती. बाईंनी तोंडावर हात धरला होता. अण्णांनी पुन्हा ठोकलं. एक. दोन. तीन. आणि कान चौकटीला लावला. त्यांचा चेहरा थोरलीकडे होता. पन्नास वर्षं थापा मारलेला चेहरा, आणि त्यावर आता लपवायला एक रेषही उरली नव्हती. तिला आठवलं, एकोणीस वर्षांपूर्वी हा चेहरा तिनं पाहिला होता आणि पुन्हा कधी पाहायला लागू नये म्हणून ती इतकी वर्षं सगळ्या जगाला घाबरू नका म्हणत होती.

टक.

मग बराच वेळ काही नाही.

टक. टक.

ताई एकदम जिन्याच्या पायरीवर बसली.

"अंग सपाट," अण्णा फटीत म्हणाले. आता त्यांचा आवाज कामावरचा होता. "डोकं कोपऱ्यात. हलायचं नाही. लिफ्ट वर जाणार आहे, खाली नाही."

"खरं की खोटं?" खालून आवाज आला. बारीक, कोरडा.

थोरलीनं फोन कानाला घट्ट लावला आणि फटीशी वाकली. "खरं," ती म्हणाली. "काका वर हातानं चाक फिरवतायत. माझ्या फोनवर आहेत. घाबरू नकोस. लिफ्ट खाली पडत नसते." आणि तिथे तिचा आवाज चिरकला, कारण हे वाक्य तिनं आजवर कधी इतक्या खालच्या माणसाला सांगितलं नव्हतं.

"मी घाबरले नाहीये, मी मोजतेय," खालून आवाज आला. थोड्या वेळानं: "थोडी घाबरलेय."

"मीपण," थोरली म्हणाली. मग फोनमध्ये: "अहो, हळू. चार बोटं. थांबा. अण्णा बघतायत. हं, आणखी चार."

लिफ्ट चार-चार बोटं वर गेली. कंबरेइतकी झाल्यावर अण्णांनी थांबा म्हटलं, चावी फिरवली, दार उघडलं आणि गुडघ्यांवर बसून हात खाली घातला. ज्या गुडघ्यांसाठी ते वर्षभर देवघरातल्या घंटेइतका आवाज करायचे, ते गुडघे आज फरशीवर आपटले तरी त्यांनी चूं केलं नाही. लोखंडी शिडीवरून ती वर आली. केसांत ग्रीस, एका गालावर धूळ, हातात स्क्रू ड्रायव्हर. तिच्या फ्रॉकच्या पाठीवर तेलाचा एक लांब, सरळ पट्टा उमटला होता. लिफ्टच्या तळानं तो ओढला होता. थोरलीनं तो पाहिला आणि ती भिंतीला धरून उभी राहिली.

"कासव नाहीये," मुलगी अण्णांना म्हणाली.

"नाहीच आहे," अण्णा म्हणाले.

"सगळा खड्डा बघितला. पाटी लावली, स्क्रू ड्रायव्हरनं दार उघडलं, आत उतरून परत लावलं, लाल बटण दाबलं. ते दबतच नाही."

"नाही दबत."

"तुम्ही दहा मिनिटं म्हणालात."

ताईनं आपली शाल काढून पोरीच्या अंगावर टाकली, ग्रीस लागेल वगैरे न बघता. तोवर थोरलाही जिना उतरून आला होता, हात काळे, श्वास चढलेला.

संस्थेच्या बाई आता भिंतीपासून सुटल्या होत्या. त्यांचा रंग परत आला नव्हता, पण वही बाहेर आली होती. वाईट बाई नव्हती ती. वहीत लिहिलं नाही तर आपण काय पाहिलं यावर आपलाच विश्वास बसणार नाही, असा तिचा चेहरा होता.

"ही एकटी खाली उतरली, हे एक," त्या म्हणाल्या. "त्याबद्दल बोलू. पण मला आधी हे सांगा. स्विच बंद होता. मुलीनं पाटी लावली होती म्हणते. मग तो चालू कुणी केला?"

मी, असं म्हणायला एकच अक्षर लागतं. ते थोरलीच्या जिभेवर आलं आणि तिथेच चिकटलं. तिला तो रखवालदार आठवला. धाकट्यानंतर तो पाच वर्षं जगला होता. रस्त्यात त्याला बघून लोक पलीकडच्या बाजूला जायचे. तीही जायची.

"मी," अण्णा म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"वय झालं बाई," अण्णा फरशीवर बसूनच बोलायला लागले. "गच्चीवर कबुतरं फार झालीत. त्यांना हाकलायला वर गेलो. बघतो तर स्विच पाडलेला. पाटी खाली पडलेली, चष्मा इथे, खालीच राहिलेला. म्हटलं वीज गेली असेल आणि आली असेल. पन्नास वर्षांची सवय. हात गेला, दांडा वर. बस, इतकंच झालं."

थोरलीनं तोंड उघडलं. ताईनं तिचा दंड धरला. हळू नाही, चांगला घट्ट. "अण्णांचं हल्ली असंच होतं," ताई बाईंना म्हणाली. मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. "विसरतात."

थोरल्यानं बायकोकडे पाहिलं, मग वडिलांकडे. "मी बघितलं त्यांना वर जाताना," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्यानं एकच बाजू धरली, आणि तीही खोटी.

बाईंचं पेन थांबलं. "तुम्हांला कळतंय ना, आजोबा? हे असं लिहिलं तर पुढचे शनिवार मी देऊ शकणार नाही. तुम्हांलाच नाही, कुठल्याच मुलासाठी नाही."

"कळतंय," अण्णा म्हणाले. "लिहा."

साडेतीनला थोरलीला जे हवं होतं ते पाचच्या आत तिच्या पदरात पडत होतं, एक शब्दही न बोलता. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात तसं. फक्त तो तिच्या घशात अडकला होता. तिचा हात स्वेटरच्या खिशाकडे गेला आणि खिशावरच राहिला.

पोर शालीतून सगळं ऐकत होती. दर शनिवारी ऐकायची तशी: मान जराशी तिरपी, डोळे बारीक, एकेका माणसाच्या हातांवरून फिरणारे. बाई लिहायला लागल्या तेव्हा ती फिरून अण्णांसमोर उभी राहिली.

"खोटं," ती म्हणाली.

"इन्स्पेक्टर, आज राहू दे."

"नाही. पुरावा आहे." तिनं शालीतून काळं बोट काढलं. "तुम्ही दुसऱ्याची पाटी काढतच नाही. माझी पाटी काकूंच्या खिशात आहे. रिबीन बाहेर लोंबतेय."